कुंडईचा सिनेमा

निरगुडसरच्या पोरीनं पुराच्या पाण्यात होडी घालावी, हे हर्षालीच्या घरी कधीच कुणाला पटलं नाही. "पाण्यात खेळायचंच आसंल तर आपल्या पाटात खेळ की, गुडघाभर हाय, बुडायचं भ्या न्हाई," असं तिचे वडील म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. ऊस, बटाटा, मधल्या पट्ट्यात कांदा, आणि बांधाला कालव्याचं पाणी. अशा घरात पाणी ही काही बघायला जायची गोष्ट नव्हती. ते आपल्या पायानं दारात येत होतं. पण अवसरीला इंजिनीअरिंग शिकताना एका सुट्टीत हर्षाली कोलाडला गेली, कयाक चालवायला शिकली, आणि तिचं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

कयाक म्हणजे एका माणसाची लांबोडी, वरून बंद होडी. कमरेपर्यंत आत बसायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं हातात धरायचं आणि खडकांतून उसळत उतरणाऱ्या पाण्यात स्वतःला सोडून द्यायचं. अशा उताराला ही मंडळी रॅपिड म्हणतात. होडी उलटली तर पाण्याखालीच गिरकी मारून पुन्हा सरळ व्हायचं. कोलाडची नदी धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालते. सोडलं की नदी, बंद केलं की दगड. हर्षालीला हवी होती ती कुणी न सोडलेली नदी, आणि ती तिला चक्क आपल्याच तालुक्यात सापडली. आहुप्याच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत, उंबरवाडीच्या खालच्या घळीत. कुंडई तिचं नाव. पुढं जाऊन ती घोडनदीला मिळते आणि डिंभ्याच्या धरणात शिरते. पण वर, त्या घळीत, ती कुणाच्या बापाला भीत नाही.

तिचा जोडीदार तन्वीर, जुन्नरचा. बापाचं ताडपत्रीचं दुकान, त्यामुळे प्लास्टिक वितळवून चिकटवण्यात हा पटाईत. खडकावर आपटून फुटलेली होडी तो रात्रीतून सांधून द्यायचा. दोघं दर आषाढात जीपच्या टपावर होड्या बांधून उंबरवाडीला पोचायची. वाडीतल्या लोकांना पहिल्या वर्षी वाटलं, सरकारी मोजणीवाले आले. दुसऱ्या वर्षी वाटलं, वेडे आहेत. तिसऱ्या वर्षी कुणाला काही वाटेनासं झालं, कारण तोवर ती दोघं अंजनाच्या घरची झाली होती.

अंजना ही वाडीतल्या पहिल्याच घरातली. पस्तिशीची, काटक, बोलायला फटकळ. नवरा मंचरच्या बाजारात हमाली करायचा, आठवड्यानं यायचा. घरात सासू सारजाबाई आणि ही. भिजून गारठलेल्या या दोघांना तिनं पहिल्यांदा चुलीपुढं बसवलं, नाचणीची भाकरी आणि चिंबोऱ्यांचा रस्सा वाढला, आणि विचारलं, "आई-बापानं हाकललं का काय तुमाला?"

याच अंजनाला हर्षालीनं दोर टाकायला शिकवलं. रॅपिडच्या खाली खडकावर एक माणूस दोराची पिशवी घेऊन उभा ठेवायचा असतो. होडीतला माणूस बाहेर फेकला गेला तर क्षणात दोर त्याच्या हातापर्यंत पोचला पाहिजे. त्या माणसानं पाण्यावरची नजर हलवायची नाही, हा या खेळाचा पहिला नियम. कुंडईवरच्या सगळ्यात वाईट जागेला हर्षालीनं नाव दिलं होतं मिक्सर. पहिल्यांदा जो उतरतो त्यानं नाव द्यायचं, अशी यांच्यात रीत आहे. वाडीची माणसं त्याच जागेला रांजण म्हणायची, कारण तिथल्या खडकात पाण्यानं कोरलेला एक खोल खड्डा होता. पुराचं पाणी त्यात घुसून आतल्या आत घुसळायचं. तिथं तिसऱ्या वर्षी हर्षाली होडीतून निसटली आणि त्या घुसळीत सापडली. वर कुठलं, खाली कुठलं, तिला कळेना. तिला नंतर आठवत राहिलं ते एवढंच, की छातीत हवा उरली नव्हती आणि मनगटावर काहीतरी सापासारखं आदळलं. तो दोर होता. अंजनानं एकटीनं तिला ओढून काढलं, खडकावर पालथं घातलं आणि पाठीत दोन गुद्दे घालून म्हणाली, "मरायचंच व्हतं तर आदी भाकरी कशाला खाल्लीस गं?" मग ती रडायला लागली, आणि हर्षालीला अजून रडण्याएवढा श्वासही आला नव्हता.

त्या दिवसापासून हर्षालीला वाटायचं की आपला जीव त्या नदीपाशी आणि या बाईपाशी ठेवलेला आहे. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे. बोलायला सोपं नव्हतं.

दर वर्षी निघताना अंजना एकच गोष्ट म्हणायची. "एकदा उन्हाळ्यात ये की. निवांत ऱ्हा. आंबं खा." हर्षाली दर वर्षी हो म्हणायची. आणि दर वर्षी नवरात्र झालं की होडी धुऊन गोठ्याच्या आढ्याला टांगली जायची ती थेट आषाढापर्यंत. नदी नसताना नदीवर जाऊन करायचं काय? कयाकवाल्या माणसाला सुकलेल्या नदीचं काही सुचतच नाही. त्याच्या लेखी ती तेवढे महिने नसतेच.

मग कंपनी आली. तिचा बेत असा होता: वर पठारावर एक तळं, खाली घळीत एक तळं, मधे डोंगराच्या पोटातून बोगदा. दुपारी उन्हाची वीज उतू जाते तेव्हा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी शहरातले दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. खालचं तळं म्हणजे कुंडईची अख्खी घळ. मिक्सर त्याच्या तळाशी जाणार होता, आणि त्याच्या वरचे-खालचे सगळे उतार. उंबरवाडी हे आदिवासी गाव, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय कंपनीला कुदळ मारता येत नव्हती. चैत्रात ग्रामसभा ठरली. नदी वाचायची असेल तर त्या एका मंडपात वाचणार होती, दुसरीकडं कुठं नाही.

हर्षालीनं नोकरीतून रजा काढली आणि कंपनीनं दिलेला जाडजूड अहवाल दोन महिने वाचून काढला. त्यात तिला एक गोष्ट सापडली होती. दोन्ही तळ्यांना काटेरी कुंपण होतं, आणि वाडीला पाण्याची एक नळीसुद्धा कुठं दाखवलेली नव्हती. तेच पाणी खालीवर, खालीवर फिरत राहणार. हर्षालीला मात्र सभेत कुंडईच्या पुराचा सिनेमा दाखवायचा होता. तन्वीर म्हणाला, "हे पहिलं सांग. सिनेमा नंतर."

"नळाचं बोलायला गेलो की भांडण नळावर जाईल," हर्षाली म्हणाली. "उद्या कंपनी एक नळ देईल आणि मोकळी होईल. मग नदीचं काय? लोकांनी नदी बघितली पाहिजे, तन्वीर. त्या घळीत खाली कोण उतरतं पावसाळ्यात? त्यांना माहीतच नाही त्यांच्याकडं काय आहे."

"आणि बघून ते काय म्हणतील?"

"बघितल्यावर कुणाच्या तोंडून हो निघायचं नाही."

तन्वीरला पटलं नव्हतं, पण नदीच्या बाबतीत हर्षालीशी वाद घालायचा नाही ही सवय त्याला इतक्या वर्षांत लागली होती. त्यांनी सगळ्या पावसाळ्यांचं चित्रण एकत्र केलं. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातलं, खडकावरून घेतलेलं, ड्रोनमधलं. हर्षाली रात्रंदिवस ते कापत-जोडत बसली. जरा कमी पाण्याचं चित्र दिसलं की ती ते काढून टाकायची. शेवटी उरली ती फक्त भरलेली, फेसाळलेली, वेडी कुंडई. ते बघताना हर्षालीचे स्वतःचेच डोळे भरून यायचे.

ग्रामसभा भैरवनाथाच्या मंडपात होती. तन्वीरनं दुकानातल्या ताडपत्र्या बांधून तीन बाजूंनी अंधार केला, लग्नात लावतात तसले दोन मोठे स्पीकर जुन्नरहून आणले. बायका एका बाजूला, गडी एका बाजूला. पुढं ग्रामसेवक, आणि त्याच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टात कंपनीचे साहेब. बाहेर दगड तापून पायाला चटका बसत होता. येताना हर्षालीचं लक्ष प्रोजेक्टरच्या पेटीवर होतं, रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडून ठेवलेल्या रिकाम्या हंड्यांकडं तिनं पाहिलंच नाही. म्हणजे पाहिलं, पण त्यांचं काही मनात आलं नाही.

सिनेमा सुरू झाला. मंडपात कुंडई अशी गरजली की एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं. पडद्यावर पांढरं पाणी कोसळत होतं, खडकांवरून उड्या मारत होतं, झाडांच्या मुळ्यांना धडका देत होतं. कुणी हललं नाही. संपल्यावरही कुणी बोलेना. हर्षालीला वाटलं, जिंकलो. तिनं तन्वीरकडं पाहिलं. तो मात्र लोकांच्या तोंडांकडं बघत होता.

मग सारजाबाई म्हणाली, "ही आपलीच कुंडई का गं?"

"व्हय आजी. आपलीच."

"येवढं पाणी हाय?"

"लई हाय, आजी!" हर्षालीची छाती फुगली.

"मंग जातं कुठं?"

"खाली. घोडनदीला. तिथून डिंभ्याला."

"आन तिथनं?" हा प्रश्न मागून, एका गड्यानं विचारला.

"कालव्याला."

"आन कालवा कुठं जातो?"

हर्षाली आपल्या गावाचं नाव टाळू शकली असती. मंचर म्हणाली असती, शिरूर म्हणाली असती, तेही खरंच होतं. पण तिला या माणसांशी लबाडी करायची नव्हती. "आमच्याकडंबी येतो," ती म्हणाली. "निरगुडसरला."

कुणी चिडलं नाही. तो गडी नुसता हसला. "म्हंजे पावणं आमचंच पाणी पेऊन आमालाच दावाया आलं, राव." त्यावर सगळा मंडप हसला, आणि त्या हसण्यात कडवटपणासुद्धा नव्हता. हर्षालीच्या पायाखालची जमीन तेव्हा सरकली.

कंपनीच्या साहेबानं दोनच वाक्यं बोलायला तोंड उघडलं. "आम्ही तरी वेगळं काय म्हणतोय? हेच पाणी अडवायचं, इथंच ठेवायचं." ठेवायचं कुणासाठी, हे तो बोलला नाही. त्याला कुणी विचारलंही नाही. त्याच्या पिशवीतले कागद पिशवीतच राहिले. त्याचं काम हर्षालीनं त्याच्यापेक्षा चांगलं केलं होतं.

तळ्याला हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं ग्रामसेवकानं सांगितलं. हर्षाली उभी होती तिथून तिला सगळे दिसत होते. आधी गड्यांचे हात गेले, मग बायकांचे. सारजाबाईचा हात गेला. आणि तिच्या शेजारी अंजनाचा. मनगटावर हिरव्या बांगड्या असलेला तो हात हर्षालीनं लांबूनही ओळखला असता. अंजना तिच्याकडं बघत नव्हती.

सभा उठली. सह्या-अंगठे झाले. तन्वीर मुकाट्यानं ताडपत्र्या सोडू लागला. हर्षाली मंडपाच्या खांबाला टेकून उभी राहिली. तिला राग आला होता, खूप राग, आणि तो सगळा अंजनावर होता. अंजना समोर येऊन उभी राहिली तेव्हा ती म्हणाली, "तू सुद्धा?"

अंजना "चल माझ्यासंगं," एवढंच म्हणाली.

रस्त्याकडेचा एक हंडा उचलून ती घळीत उतरायला लागली. हर्षाली मागून. ही वाट तिच्या सवयीची होती, पण तिला ती ओळखू येईना. जिथं पाण्याच्या आवाजानं शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, तिथं आता वाळक्या पाचोळ्याचा आवाज येत होता. काळा खडक, पांढरी पडलेली शेवाळं, कपारीत वाळलेला एक खेकडा. आपण ज्यांना नावं दिली ते उतार हर्षाली शोधत होती आणि तिला नुसते दगड दिसत होते.

रांजणाशी बायकांचे हंडे ओळीनं लावलेले होते. खड्ड्यात एक वाळकं खोड तिरकं टाकून त्याला खाचा पाडल्या होत्या. अंजना त्या खाचांवर पाय ठेवत आत उतरली, पार तळाशी. तिथं खडकाच्या भेगेतून झिरपून साठलेलं, दोन ओंजळी होईल एवढं पाणी होतं. ती उकिडवी बसली, पितळीनं ते पाणी गोळा केलं, फडक्यातून गाळून हंड्यात ओतलं आणि पुन्हा भेग पाझरायची वाट बघत बसली.

"हितंच बुडत व्हतीस तू," ती खालून म्हणाली.

हर्षाली काठावर बसली. इतकी वर्षं ही बाई या खड्ड्याच्या तळाशी बसून पाणी पुसून काढत होती आणि आषाढ आला की त्याच खड्ड्याच्या काठावर दोर घेऊन आपल्यासाठी उभी राहत होती. एकदाही म्हणाली नाही. का म्हणावं तिनं? उन्हाळ्यात ये म्हणाली होती, तेच म्हणणं होतं.

"ताई," हर्षाली म्हणाली. "ते पाणी तुमाला न्हाई मिळायचं."

"कोंचं?"

"तळ्याचं. कंपनीच्या. कुंपण घालणार हायेत ते. त्येच पाणी वर चढवायचं आन खाली सोडायचं, इजेसाठी. वाडीला नळ न्हाई. त्यांच्याच कागदात लिवलंय."

अंजनाचा हात थांबला. "तुला कवापासनं ठाव हाय?"

"दोन महिने झालं."

"मंग मंडपात का न्हाई बोललीस?"

हर्षाली काय सांगणार? की मला तुमच्या हंड्यापेक्षा नदी मोठी वाटली? की पाणी बघितल्यावर तुम्ही सगळे माझ्यासारखेच वेडे व्हाल असं मला खात्रीनं वाटलं?

अंजना खड्ड्यातून वर बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती खरंच कोड्यात पडली होती. "आमाला वाटलं, तू पाणी दावतीस म्हंजे मिळंल म्हून दावतीस," ती म्हणाली. "तुजा सिनेमा बघून म्या हात वर केला, हर्षे. त्या सायबाचं ऐकून न्हाई."

त्या दोघी पळत वर आल्या. जेमतेम तळ भिजलेला हंडा रांजणातच राहिला. मंडप रिकामा होता, साहेबाची गाडी ठरावाचा कागद घेऊन घाटाच्या दुसऱ्या वळणावर धूळ उडवत चालली होती. हर्षाली तरीही तिच्यामागं काही अंतर पळाली. नंतर तिचं तिलाच ते इतकं वेडगळ वाटलं की तिनं तन्वीरलासुद्धा सांगितलं नाही. संध्याकाळी सारजाबाईनं तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तांब्याभर पाणी तिच्यापुढं ठेवलं. हर्षालीला ते प्यायचं धैर्य होईना, आणि न पिणं म्हणजे त्या म्हातारीचा अपमान. ती प्याली. त्या पाण्याला मातीची चव होती.

पुढं जे करायचं ते सगळं त्यांनी केलं. अर्ज दिले, तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, ठराव फिरवायला पुन्हा सभा मागितली. सभा लागली तेव्हा माणसंच पुरी भरली नाहीत. निम्मे गडी तोवर कंपनीच्या रस्त्याच्या कामावर लागले होते, आणि त्या दिवशी कामावर खाडा करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी येऊ नको असं कुणीतरी सांगून ठेवलं होतं. हर्षालीनं कुणाला दोष दिला नाही. द्यायला तोंड नव्हतं.

वर्ष उलटलं. पुढचा आषाढ आला तसा तिला घरात राहवेना. तन्वीर नको म्हणत होता. ती एकटीच निघाली, होडी न घेता. घाट चढताना पाऊस धो-धो कोसळत होता. उंबरवाडीच्या अलीकडं रस्त्यावर लोखंडी फाटक आलं होतं, त्याला लागून पत्र्याचं कुंपण थेट घळीच्या कडेनं गेलेलं. फाटकावर परगावचा वॉचमन. त्यानं हात आडवा केला. पास असेल तर आत, नाहीतर गाडी वळवा.

फाटकाच्या बाहेर कामगारांसाठी पत्र्याची खानावळ होती. तिथं अंजना भाकऱ्या थापत होती. हर्षालीला बघून ती उठली, पीठ लागलेले हात पदराला पुसत पावसात आली.

"कशी हायेस?"

"बरी हाय. तू वाळलीस गं."

"पाण्याचं काय करता?"

"सुरुंग लावलं तसं रांजणाची भेग आटली. उन्हाळ्यात आठवड्याला टँकर आला. कंदी येतो, कंदी न्हाई." ती हे बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. ती चिडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर हर्षालीला बरं वाटलं असतं. अंजना तिच्या डोक्यावर आपला पदर धरायला बघत होती.

पत्र्यापलीकडून आवाज येत होता. नदी भरली होती. खालचा बांध अजून पुरा व्हायचा होता, म्हणजे हा तिचा शेवटचा मोकळा पावसाळा. त्या आवाजावरून पाणी कुठपर्यंत चढलंय हे हर्षालीला कळत होतं, आणि तिच्या अंगाचा कण न् कण तिकडं ओढ घेत होता.

"ताई, तू तर आता यांच्यातली. वॉचमनला सांग ना. उतरत न्हाई मी, शप्पथ. वरच्या दगडावरनं नुसती एकदा बघती आन जाती."

अंजनानं फाटकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. पावसाचं पाणी तिच्या तोंडावरून गळत होतं.

"आमाला बी आत सोडत न्हाईत, हर्षे," ती म्हणाली. "औंदा म्या बी न्हाई बघितली."

वॉचमननं शिट्टी मारून गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. मागं खडीचा डंपर येऊन उभा राहिला होता.